एकच पाणी, दोन हात, दोन उत्तरं: त्वचेला नेमकं कळतं तरी काय?

निळाई | सोमवार, रात्री ११:२०

लेक सात आठवड्यांची आहे. शनिवारी तिच्या अंघोळीचं पाणी काढायच्या आधी मी तिची दुपटी गार पाण्यातून खळबळून काढली होती. हात पार गारठलेले. तसाच एक हात टबात घातला तर पाणी चांगलंच गरम लागलं. मगभर गार पाणी ओतलं, पुन्हा पाहिलं, तरी गरमच. आणखी ओतलं. तेवढ्यात नवरा आला. तो गरम पाण्यात भांडी घासून आला होता. त्याने हात बुडवला आणि म्हणाला, "अगं, हे गार आहे." मी म्हणे गरम, तो म्हणे गार. शेवटी तापमापी बुडवली तर ३१ अंश! एवढ्याशा जिवाला मी त्यात ठेवणार होते.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बाळाचं अंग तापलंय का, दूध गरम आहे का, सगळं मी हातानेच ठरवते. मग या हाताला नेमकं काय कळतं? आणि गरम-गारचं असं असेल, तर मऊ, खरखरीत, ओलं, टोकदार यांचं काय? जाणकारांनी लिहावं, अनुभव असतील तर तेही सांगा.

दगडफूल | सोमवार, रात्री ११:५२

तुमच्या टबात तीन भांड्यांचा प्रयोग झाला. एकात गार, एकात गरम, मधल्यात कोमट पाणी. डावा हात गारात, उजवा गरमात, दोन-तीन मिनिटं धरायचे आणि मग दोन्ही एकदम मधल्यात. एकाच माणसाचे दोन हात एकाच पाण्याबद्दल भांडतात. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६९० मध्येच यावर लिहून ठेवलंय. त्याचा मुद्दा असा, की उष्णपणा पाण्यात असता तर एकच पाणी एकाच वेळी गरम आणि गार कसं लागलं असतं?

त्वचा ज्या तापमानात काही वेळ राहते ते तिच्या अंगवळणी पडतं. साधारण ३० ते ३६ अंशांच्या पट्ट्यात तर थोड्या वेळाने गरमही वाटत नाही आणि गारही नाही. तुमचा हात त्या पट्ट्याच्या बराच खाली गेला होता, म्हणून ३१ अंश गरम वाटले.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ६:१५

कोपराने बघत जा. तळहाताची कातडी जाड असते आणि दिवसभर कशा ना कशात बुडालेली असते. कोपर कोरडं असतं.

सुतारपक्षी | मंगळवार, सकाळी ७:४०

दगडफूल, पाण्याचं पटलं. पण हात अगदीच चुकतो असं म्हणू नका. माझं काम लाकडाचं. हिवाळ्यात सकाळी लोखंडी शिकंज्याला हात लावला की बोटं आखडतात आणि शेजारच्या फळीला काही वाटत नाही. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत पडलेले. लोखंड लाकडापेक्षा थंड असतं, हे वीस वर्षं हाताने पाहिलंय.

ऊर्जित | मंगळवार, सकाळी ९:०५

सुतारपक्षी, रात्रभर एका खोलीत असतील तर दोघांचं तापमान सारखंच असणार. फरक आहे तो तुमच्या बोटातली उष्णता किती वेगाने निघून जाते यात. लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा कितीतरी पटींनी भराभर वाहते. तुमचं बोट ३२-३३ अंशांचं. लोखंड ती ऊब ओढून आत पाठवत राहतं. लाकडाचा वरचा थर मात्र पटकन बोटाइतका उबदार होतो आणि तिथेच थांबतो.

विश्वास बसत नसेल तर एक करा. सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे घ्या. एक फळीवर ठेवा, एक लोखंडाच्या जाड पत्र्यावर. लोखंड खरंच जास्त थंड असेल तर त्यावरचा बर्फ जास्त टिकायला हवा. बघा काय होतं ते.

थोडक्यात, त्वचेला तापमान कळत नाही, उष्णतेचा प्रवाह कळतो.

मंद्रसप्तक | मंगळवार, दुपारी १२:३०

वाचतेय. छान धागा.

हलकंफूल | मंगळवार, दुपारी ३:१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बधिर झालेल्या हातापायांशी रोजचा संबंध. ऊर्जित, बर्फाचा प्रयोग उत्तम, पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

प्रवाह मोजणारं असं त्वचेत काही नाही. त्वचेत असतात ती मज्जातंतूंची उघडी टोकं, आणि त्या टोकांना कळतं ते त्यांचं स्वतःचं तापमान. लोखंडाला हात लावल्यावर बोटाची त्वचा गार पडते, ते टोक गार पडतं, आणि तेच मेंदूला कळतं. म्हणजे त्वचा तापमान ओळखते, पण स्वतःचं. बाहेरच्या वस्तूचं तापमान हा त्यावरून मेंदूने काढलेला अंदाज. निळाईताई, तुम्ही त्या क्षणी पाणी तपासत नव्हता, पाण्यात गेल्यावर तुमच्या हाताचं काय होतंय ते तपासत होता.

दुसरी गोष्ट, ही टोकं बदलाला जास्त दाद देतात. गार ओळखणारा तंतू त्वचा गार होताना धडाधड संदेश पाठवतो आणि ती तिथेच स्थिर राहिली की मंदावतो. संदेशांची ही 'धडधड' पहिल्यांदा एकेका तंतूवर मोजली ती एडगर एड्रियन आणि इंग्वे झोटरमन यांनी, १९२६ मध्ये. प्रत्येक संदेश सारख्याच ताकदीचा असतो. उत्तेजना वाढली की ते लवकर लवकर येतात, एवढंच. एड्रियनना १९३२ मध्ये नोबेल मिळालं.

गार आणि गरम यांचे तंतू मुळातच वेगळे. स्वीडनच्या माग्नुस ब्लिक्सने १८८० च्या दशकात बारीक टोकाने त्वचेचा ठिपका न् ठिपका तपासला. काही ठिपक्यांवर फक्त गार कळतं, काहींवर फक्त गरम, आणि मधल्या बऱ्याच जागेवर दोन्ही नाही. गारचे ठिपके गरमच्या ठिपक्यांपेक्षा पुष्कळ जास्त. घरी करून बघा. बॉलपेनचं धातूचं टोक, रिफील आत ओढून, फ्रीजमध्ये गार करा आणि मनगटाच्या मागच्या बाजूवर हळूहळू, न दाबता फिरवा. बराच वेळ नुसता स्पर्श जाणवेल, आणि मधेच एका जागी थंडगार थेंब पडल्यासारखं होईल. मिलिमीटरभर पुढे सरकलात की गेलं.

ऊर्जित | मंगळवार, दुपारी ४:०२

मान्य. 'प्रवाहामुळे त्वचेचं जे होतं ते कळतं' असं म्हणायला हवं होतं. बॉलपेनचा प्रयोग लगेच केला. अंगठ्याच्या मुळाशी मला असे तीन ठिपके सापडले आणि तिन्ही पुन्हा पुन्हा त्याच जागी लागले. एवढी वर्षं हे हातावर होते आणि मला पत्ता नव्हता.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, रात्री ८:४५

जरा फांदी फुटतेय, पण राहवत नाही. आपल्या भाषेने या एका पट्टीवर किती खुणा करून ठेवल्यात बघा. थंडगार, गार, निवलेलं, कोमट, ऊन, गरम, कढत. पाणी कढत म्हटलं की हात आपोआप मागे येतो. चटका बसणं वेगळं, पोळणं वेगळं, भाजणं वेगळं, होरपळणं आणखी वेगळं. आणि यातले बरेच शब्द वस्तूचे नाहीत, आपल्यावर काय गुदरलं त्याचे आहेत. हलकंफूल म्हणतात तेच भाषेने आधी ओळखलं होतं असं मला मनापासून वाटतं.

स्पर्शाचंही तसंच. मऊसूत, लुसलुशीत, गुळगुळीत, बुळबुळीत, लिबलिबीत, खरखरीत, राठ, चरचरीत. डोळे मिटून प्रत्येक शब्द उच्चारा, बोटांच्या टोकांना काहीतरी होतं.

आता प्रश्न. बर्फाचाही 'चटका' बसतो. मिरचीचा हात डोळ्याला लागला तर 'आग' होते. यात प्रत्यक्ष उष्णता कुठेच नाही. मग भाषेने इथे चूक केली का?

हलकंफूल | मंगळवार, रात्री ९:३०

शब्दवेल्हाळ, भाषेने अजिबात चूक केलेली नाही! डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोध लावला तो नेमका हाच. मिरचीतलं कॅप्सायसिन मज्जातंतूच्या टोकावरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं, तेच प्रथिन साधारण ४३ अंशांच्या वर तापलं की आपोआप उघडतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. तंतूला उकळतं पाणी आणि मिरची यातला फरक कळायला मार्गच नाही, दार एकच. मेंदूकडे जाणारा निरोपही एकच, 'भाजतंय'.

गारचं दार वेगळं. टीआरपीएम-८ हे प्रथिन २००२ मध्ये सापडलं. ते साधारण २६ अंशांखाली उघडतं, आणि पुदिन्यातल्या मेन्थॉलनेही उघडतं. मेन्थॉलचं मलम लावल्यावर त्वचा काही खरोखर थंड होत नाही, पण थंड ओळखणारा तंतू बोलू लागतो.

पाणकावळा | मंगळवार, रात्री ९:५८

म्हणूनच पोपट मिरच्या बिनधास्त खातात का? त्यांना झोंबत कसं नाही?

हलकंफूल | मंगळवार, रात्री १०:१०

हो. पक्ष्यांकडेही हे प्रथिन आहे आणि उष्णतेने ते उघडतंही, पण त्यांच्या प्रथिनावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही. मिरचीच्या झाडाचं यात भलंच होतं. बहुतेक पक्षी बी चावून फोडत नाहीत, गिळून दूर नेऊन टाकतात.

सुतारपक्षी | बुधवार, सकाळी ६:५०

काल रात्री बर्फाचा प्रयोग केला. एक खडा सागाच्या फळीवर, एक लोखंडी पत्र्यावर. ठेवल्या ठेवल्या लोखंडावरच्या खड्याखाली पाणी सुटलं आणि तो जागचा घसरायला लागला. फळीवरचा होता तिथेच चिकटून बसला. लोखंडावरचा विरघळून गेला तेव्हा फळीवरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. ऊर्जित, तुमचं खरं. वीस वर्षं जे 'थंड' म्हणत होतो ते माझ्याच हाताची ऊब जाताना जाणवत होतं.

बदल्यात आमच्या कामातलं एक सांगतो. रंधा मारून झाल्यावर फळीला लाट राहिली आहे का ते डोळ्याला दिसत नाही, बोटांनी बघावं लागतं. उघड्या बोटाने बघितलं तर लाकडाचा खरखरीतपणा मधे येतो. मी फळीवर पातळ गुळगुळीत कागद ठेवतो आणि कागदावरून हात फिरवतो. कागद बोटाबरोबर सरकतो आणि खालची लाट एकदम हाताला लागते. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, का होतं ते त्यांनीही सांगितलं नाही. मधे कागद आल्यावर कमी कळायला हवं, जास्त कसं कळतं?

ऊर्जित | बुधवार, सकाळी ८:२०

सुतारपक्षी, क्या बात है. मला वाटतं कागदामुळे बोटाला बाजूने बसणारी ओढ जाते. घासण्याचा गोंगाट थांबला की वरखाली होणारा बारीक दाब तेवढा उरतो. हलकंफूल, बरोबर?

हलकंफूल | बुधवार, दुपारी १:४०

बरोबर. 'स्पर्श' या एका नावाखाली चार वेगळ्या यंत्रणा काम करतात, म्हणून असा गोंगाट वेगळा करता येतो.

बोटाच्या टोकाशी, अगदी वरच्या थरात मर्केल पेशी. काठ, टोक, बारीक उठाव त्या ओळखतात आणि दाब आहे तोवर बोलत राहतात. त्यांच्या जवळच माइसनरचे कण. वस्तू निसटायला लागली की पहिली बोंब यांची. हातातला पेला घसरायच्या आत पकड घट्ट होते ती यांच्यामुळे, आपल्याला कळायच्याही आधी. खोलवर रुफिनीची टोकं, त्वचा ताणली की जागी होणारी. आणि आणखी खोल पॅसिनीचे कण. एकेक कण मिलिमीटरभर लांबीचा, कांद्यासारखे पापुद्रे असलेला, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा. फिलिप्पो पॅसिनीला ते विद्यार्थी असताना, शवविच्छेदन करताना हाताच्या नसांपाशी दिसले. यांना कंपनं कळतात, सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारी सगळ्यांत उत्तम. सुतारपक्षी, पटाशी लाकडात शिरताना गाठ लागली हे पटाशीच्या दांड्यावरून हाताला कळतं ना? पटाशीच्या टोकाला काही नस नाही. ते कंपन दांड्यातून पॅसिनीपर्यंत येतं.

एका हाताच्या तळव्याच्या बाजूला असे सुमारे १७,००० स्पर्शतंतू आहेत, आणि बोटांच्या टोकांशी गर्दी सगळ्यांत जास्त. दोन टोकं 'दोन' म्हणून कळायला बोटावर दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरतं, पाठीवर साधारण चार सेंटीमीटर लागतं. अर्न्स्ट वेबरने १८३४ मध्ये कंपासची दोन टोकं टेकवून हे मोजलं होतं.

दगडफूल | बुधवार, दुपारी २:१५

वेबरचा विषय निघालाच आहे तर, त्याची आणखी एक गंमत. चांदीचं गार नाणं कपाळावर ठेवलं तर तेवढ्याच वजनाच्या कोमट नाण्यापेक्षा जड लागतं. दाब ओळखणारे काही तंतू गारव्यालाही दाद देतात, त्यातून हा घोटाळा होतो असं मानतात.

अंतर्नाद | बुधवार, सायंकाळी ७:३०

मी जन्मापासून पाहू शकत नाही, स्क्रीनरीडरवरून धागा ऐकला. हलकंफूल यांनी दिलेला दोन-तीन मिलिमीटरचा आकडा ऐकून थांबलो. ब्रेलमध्ये एका घरातल्या, म्हणजे एका अक्षराच्या, दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे लिपी बरोबर बोटाच्या काठावर बसवली आहे. लुई ब्रेलने ती १८२४ मध्ये रचली, वयाच्या पंधराव्या वर्षी. त्याआधी बारा टिंबांची एक पद्धत होती. तिचं घर बोटाखाली मावायचं नाही, बोट वरखाली न्यावं लागायचं. त्याने सहा टिंबं केली आणि अक्षर एका स्पर्शात आलं.

पण एक सांगतो, बोट ठेवून ब्रेल वाचता येत नाही. थांबलेल्या बोटाखाली टिंबं विरून जातात, नुसता एक उंचवटा राहतो. बोट ओळीवरून सरकत असलं तरच अक्षरं 'बोलतात'. जोरात दाबूनही चालत नाही. नवीन शिकणारे दाबतात, आणि जितकं दाबतात तितकं कमी वाचतात. आणि थंडीत हात गारठले की मी सरळ वाचणं बंद करतो, टिंबं बोथट होतात. आधी हात काखेत धरून बसतो, मग वाचतो.

निळाई | बुधवार, रात्री १०:०५

अंतर्नाद, हे वाचून मी पाच मिनिटं नुसती बोटं एकमेकांवर फिरवत बसले. थांबलं की खरंच पुसट होतं.

शब्दवेल्हाळ | बुधवार, रात्री १०:४०

माझ्या यादीत 'ओलं' राहिलं होतं. त्याचा तंतू कुठला? मर्केल की पॅसिनी?

हलकंफूल | गुरुवार, सकाळी ८:०५

कुठलाच नाही. ओलेपणा ओळखणारं काही माणसाच्या त्वचेत सापडलेलं नाही. त्वचा गार पडणं आणि त्याबरोबरचा विशिष्ट स्पर्श, घसरण किंवा चिकटणं, हे एकत्र आलं की मेंदू त्याला 'ओलं' म्हणतो. पातळ रबरी हातमोजे घालून गार पाण्यात हात घाला. हात पूर्ण कोरडे असूनही ओले झाल्यासारखे वाटतील. आणि त्वचेच्याच तापमानाचं पाणी अंगावरून हळू ओघळलं तर पुष्कळदा पत्ताही लागत नाही.

उंबरठा | गुरुवार, सकाळी ८:३०

आत्ता कळलं. थंडीत दोरीवरचे कपडे वाळलेत की नुसते गार आहेत हे हाताने कधीच सांगता येत नाही. मी गालाला लावून बघते, तरी फसते.

कवडसा | गुरुवार, रात्री ९:२०

रोज वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. वडिलांना सतरा वर्षांपासून मधुमेह. गेल्या हिवाळ्यात रात्री पाय गार पडतात म्हणून त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली आणि झोपले. सकाळी चादर उचलली तर टाचेला हाताच्या पंजाएवढा फोड. त्यांना काही कळलंच नव्हतं. रात्रभर एकदाही जाग आली नाही. जखम भरायला चार महिने लागले.

मला आजही समजत नाही ते हे. त्यांना स्पर्श कळत होता. पायाला बोट लावलं की सांगायचे. चप्पल निसटली तर कळायचं. मग भाजणं कसं कळलं नाही? आणि इतकी वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणीला जात होतो, रक्तातली साखर बघून गोळ्या लिहून मिळायच्या. एकदाही कोणी त्यांचे मोजे काढायला सांगितले नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही.

हलकंफूल | गुरुवार, रात्री १०:५०

कवडसा, बरं केलंत लिहिलंत. वडील आता कसे आहेत?

तुमचा राग रास्त आहे. तपासणीला पाच मिनिटं लागतात. नायलॉनचा एक तंतू असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा. तो तळपायावर ठराविक जागी टेकवायचा आणि डोळे मिटून 'कळलं का' ते विचारायचं. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळतं का पाहायचं. गरम-गार आणि टोचणं वेगळं तपासायचं. मधुमेह असलेल्या प्रत्येकाचे पाय वर्षातून एकदा तरी असे बघायलाच हवेत.

आता तुमचा प्रश्न. स्पर्श जाड तंतूंतून जातो, सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने. गरम आणि दुखरी जळजळ जाते ती अगदी बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. दाराला पायाचा अंगठा आपटला की 'आपटलं' आधी कळतं आणि कळ मागून येते, ती यामुळे. मज्जारज्जूतही त्यांचे रस्ते वेगळे. गरम-गार आणि वेदनेचे तंतू आत शिरल्यावर लगेच दुसऱ्या बाजूला जातात, बारीक स्पर्शाचे आहेत त्याच बाजूने मेंदूच्या तळापर्यंत चढून मग ओलांडतात. म्हणून एक रस्ता बंद पडून दुसरा चालू राहू शकतो. मधुमेहात काही जणांचे बारीक तंतू आधी जातात. वडिलांना चप्पल कळत होती ती जाड तंतूंमुळे, आणि पिशवी कळली नाही ती बारीक तंतू गेल्यामुळे. कुष्ठरोगातही चट्ट्यावर गरम-गार ओळखणं बहुधा आधी जातं, हलका स्पर्श मागाहून.

आणि भाजायला फार तापमान लागत नाही, वेळ लागतो. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत खोल भाजतं. ४४ अंशांवर सहा तास लागतात, पण भाजतंच. हे १९४७ मध्येच मोजलेलं आहे. ४४ अंश हाताला गरम लागतं, पण सोसवतं. निरोगी माणूस झोपेतही पाय हलवतो. तुमच्या वडिलांचा पाय हलला नाही.

घरात कोणाचेही पाय बधिर असतील तर पिशवी, शेकोटी, हीटर पायाशी नको. मोजे घाला. अंघोळीचं पाणी पायाने बघू नका, दुसऱ्याला बघू द्या किंवा तापमापी वापरा. रोज रात्री तळपाय आरशात बघा.

कवडसा | गुरुवार, रात्री ११:१५

आता बरे आहेत. चालतात. रोज रात्री मीच बघतो पाय. ते आधी लाजायचे, आता स्वतःच आरसा घेऊन बसतात. धन्यवाद, चार महिन्यांत एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

मंद्रसप्तक | शुक्रवार, सकाळी ७:००

कवडसा, तुमचं वाचून आज आईला तपासणीला नेतेय. तिलाही दहा वर्षं आहे. मोजे काढायला मीच सांगणार.

पाणकावळा | शुक्रवार, दुपारी ११:४५

गरम-गारची दारं सापडली, मग दाबाचं दार कोणतं?

दगडफूल | शुक्रवार, दुपारी १२:२०

त्याची गोष्ट चिकाटीची आहे. आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत अशा पेशी होत्या, ज्यांना सूक्ष्म नळीने टोचलं की विजेचा बारीक संदेश निघायचा. हे कोणत्या जनुकामुळे, ते शोधायला त्यांनी ७२ जनुकांची यादी केली आणि एकेक बंद करून टोचत गेले. ७१ झाली, पेशी बोलतच राहिली. ७२ वं बंद केलं आणि ती गप्प झाली. २०१० मध्ये ते जाहीर झालं. दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं पिएझो-१, आणि त्याचं भावंड पिएझो-२. आपल्याला स्पर्श कळतो तो मुख्यतः पिएझो-२ मुळे. ज्युलियस आणि पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळून मिळालं.

पिएझो-२ जन्मतःच बिघडलेली काही माणसं आहेत. त्यांना गरम-गार कळतं, पण कंपन कळत नाही, आणि डोळे बांधले की आपला हात कुठे आहे, कोपर वाकलंय की सरळ आहे, हेही सांगता येत नाही. शरीराचा ठाव तेच प्रथिन देतं.

अंतर्नाद | शुक्रवार, दुपारी १:०५

शेवटचा परिच्छेद दोनदा ऐकला. डोळ्यांशिवाय जगता येतं, ते मला माहीत आहे. पण हात कुठे आहे हे न कळता मी एक पाऊलही टाकू शकलो नसतो.

उंबरठा | शुक्रवार, दुपारी ४:३०

सगळं खरं, पण निळाईचं बाळ राहिलं. अगं, शेवटी पाणी बघतेस कसं?

निळाई | शनिवार, रात्री ९:४०

उंबरठा, आज बरोबर आठवडा झाला.

आता पाणी तापमापीने ३७ वर आणते. मग हात कोरडे करून, दोन मिनिटं थांबून कोपर बुडवते. पहिले दोन दिवस कोपराला ३७ म्हणजे 'काहीच नाही' असं लागलं, ना गरम ना गार. दगडफूल यांनी सांगितलेला तो पट्टा आठवला, ३७ त्याच्या काठाशीच, आणि कळलं की ते 'काहीच नाही' हीच खूण. आता आधी कोपराने अंदाज करते, मग तापमापी बघते. काल अर्ध्या अंशाचा फरक निघाला.

हलकंफूल, एक राहिलंच. अंघोळीनंतर तिच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवला की ती लगेच शांत होते. थोपटण्याने तेवढी होत नाही. याचाही वेगळा तंतू आहे का?

हलकंफूल | शनिवार, रात्री १०:२५

आहे! लव असलेल्या त्वचेत बारीक, मंद तंतूंचा एक गट आहे. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर वेगाने, त्वचेइतक्याच उबेच्या स्पर्शाने कुरवाळलं की तो सगळ्यांत जास्त बोलतो. भराभर चोळलं तर कमी, नुसता हात ठेवला तरी कमी. तळहातावर हे तंतू जवळपास नाहीत, पाठीवर आणि हातांवर आहेत. कुठे आणि कशाचा स्पर्श झाला ते यातून फारसं कळत नाही, बरं वाटतं एवढं कळतं. कोणी न शिकवताही आईबापांचा हात याच वेगाने फिरतो.

निळाई | शनिवार, रात्री १०:५५

आत्ता घड्याळ लावून पाहिलं. मानेपासून कमरेपर्यंत हात न्यायला मला पाच सेकंद लागतात. पाठ जेमतेम वीतभर. झोपली.